चाळिशीत कम्प्युटर सायन्सला अॅडमिशन घेताय? आधी एक वही आणा

मी एक्केचाळिसाव्या वर्षी परत कॉलेजला गेले, त्याआधी पंधरा वर्षं अकाउंट्समध्ये. सगळे विचारतात की एवढं वय झाल्यावर डोक्यात शिरतं का. शिरतं हो. मला नडली ती दुसरीच सवय, अर्धवट कळलं तरी मान डोलवायची. ऑफिसात त्यावर निभावतं, मीटिंगनंतर कोणाला तरी विचारून घेता येतं, पण कम्प्युटरपुढे मान डोलवून काय होणार, तो बापडा जे लिहिलंय तेच करतो. त्यामुळे खाली जे सांगतेय त्यातलं बरंचसं ही सवय मोडण्याबद्दलच आहे.

फी भरायच्या आधी तीन महिने स्वतःची परीक्षा घ्या. रोज एक तास, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, बस. पायथनच का, तर सुरुवातीला सेमीकोलन आणि कंस यांच्याशी कमी झगडावं लागतं. व्हिडिओ बघणं त्या तासात धरायचं नाही, स्वतः टाइप केलेलंच धरायचं. वीस-तीस ओळींचे छोटे प्रोग्रॅम करा, खर्चाची यादी वाचून महिन्याची बेरीज काढणारा वगैरे. तीन महिन्यांनी एकच गोष्ट बघा, प्रोग्रॅम चालत नसताना तुम्हाला नुसता वैताग येतो की वैतागासोबत थोडी खाजही सुटते, की हे का चालत नाहीये. खाज सुटत नसेल तर पैसे वाचले असं समजा, त्यात लाज कसली.

कोर्स निवडताना नाव बघू नका, सिलॅबस बघा. डिस्क्रीट मॅथ्स, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क ही पाच नावं दिसली पाहिजेत. त्याऐवजी नुसती सॉफ्टवेअरची आणि टूल्सची नावं असतील तर तो कोर्स वाईट असेलच असं नाही पण मग त्यासाठी पूर्ण डिग्रीची वर्षं घालवायची गरज नाही. आणि ऑफिसात जाऊन तीन गोष्टी विचारा, जुन्या डिग्रीचे क्रेडिट धरतात का, लॅबला हजेरी किती लागते, आणि मध्ये एक सेमिस्टर गॅप घेता येते का. शेवटचा प्रश्न लाजून विचारायचा राहतो आणि नंतर घरात कोणी आजारी पडलं की तोच आठवतो.

गणिताची भीती सगळ्यांनाच असते. कॅल्क्युलस विसरलात तर लगेच घाबरू नका, पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगला त्याहून जास्त लागतं ते लॉजिक, सेट, इंडक्शन (एका पायरीवरून पुढची सिद्ध करत जाणं), मोजणी, लॉगॅरिदम. लॉगॅरिदम म्हणजे शाळेतलं ते टेबलांचं पुस्तक नाही, "किती वेळा अर्धं केलं की एक उरतं" एवढंच. बायनरी सर्च, म्हणजे दर वेळी मधलं नाव बघून नको तो अर्धा भाग सोडून देत शोधणं, दहा लाख नावांच्या क्रमवार यादीत वीस फेऱ्यांत नाव शोधतं, कारण २ चा विसावा घात १०,४८,५७६ होतो. हे ज्या दिवशी मी स्वतः अर्धं-अर्धं करत कागदावर मोजलं त्या दिवशी लॉग माझ्या ओळखीचा झाला, त्याआधी नुसता पाठ होता.

आता वहीबद्दल. हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून जरा सविस्तर. पहिल्या सेमिस्टरला मी बायनरी सर्च लिहिला, वाचून बघितला, छान वाटला, चालवला तर प्रोग्रॅम संपेचना. दोन तास स्क्रीनकडे बघत बसले. शेवटी जुन्या सवयीने खतावणीसारखे कॉलम आखले, लो, हाय, मिड, म्हणजे शोधायच्या भागाची सुरुवात, शेवट आणि मधली जागा. यादी १०, २०, ३०, ४०, ५०, आणि शोधायचंय ५०. मोजणी शून्यापासून, म्हणजे लो ०, हाय ४, मिड २. तिथे ३० आहे, लहान आहे, म्हणून लो २ केला. मग मिड ३, तिथे ४०, लो ३. मग मिड परत ३ (साडेतीनातला अर्धा सोडून), लो ३. परत ३. परत ३. चौथ्या ओळीला लक्षात आलं की मी लो ला मिड देतेय, द्यायला हवं मिड अधिक एक. दोन तासांचं काम चार ओळींत झालं! म्हणून लूप (तेच काम परत परत) असो, रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) असो, पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) असो, समजलं असं वाटलं की वही उघडायची आणि प्रत्येक व्हेरिएबलला (लो, हायसारख्या किंमत बदलणाऱ्या नावाला) एक कॉलम देऊन हाताने चालवायचं, हात अडखळला की समजायचं अजून कळलेलं नाही.

(आणि बायनरी सर्चला हलकं समजू नका. जावा या भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्येच एक चूक वर्षानुवर्षं पडून होती, ती २००६ मध्ये उजेडात आली. मिड काढताना लो आणि हाय यांची बेरीज २,१४,७४,८३,६४७ या कमाल मर्यादेच्या पुढे गेली की आकडा उलटून मायनसमध्ये जायचा. तेव्हा आपण "अधिक एक" विसरलो तर जगबुडी नाही.)

एरर मेसेज वाचायला शिका. लाल अक्षरं दिसली की आपल्या वयाच्या माणसाला वाटतं आपण काहीतरी बिघडवलं, काही बिघडत नाही. पायथनमध्ये शेवटची ओळ आधी वाचायची, चूक काय ते तिथे असतं, मग वर सरकत आपल्या फाइलचं नाव आणि ओळ नंबर शोधायचा. मी रिकर्शनमध्ये थांबायची अट विसरले तेव्हा पायथनने हजारेक कॉलनंतर हात टेकले आणि तसं स्पष्ट लिहूनही दिलं, मीच ते न वाचता विंडो बंद करत होते.

वेळेचं गणित सोपं आहे आणि कडू आहे. वर्गातल्या एका तासाला घरचे दोन तास धरा. नोकरी चालू असेल तर एका सेमिस्टरला दोन विषय पुरेत, तिसरा घेतला की तिन्ही कच्चे राहतात, मी घेऊन बघितलाय.

वर्गातली एकोणीस वर्षांची मुलं टाइप भराभर करतात, गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, त्यांना आधीच येतं. त्यांना सरळ विचारा. माझी लॅब पार्टनर मला ताई म्हणायची आणि मर्ज कॉन्फ्लिक्ट (दोघींनी एकच ओळ वेगवेगळी बदलल्याचा गुंता) आला की कीबोर्ड ओढून घ्यायची, तो मी तिसऱ्या वेळी परत ओढून घेतला, तेव्हा कुठे शिकले. बदल्यात आपल्याकडेही द्यायला असतं, ग्रुप प्रोजेक्टमध्ये कोण काय कधी देणार हे लिहून काढणं, आणि डेटाबेसचा जॉइन, जो आयुष्यभर दोन रजिस्टरं जुळवणाऱ्या माणसाला पहिल्याच तासाला कळतो.

एआय टूलचं माझं मत, पहिलं वर्ष त्याला कोड लिहायला लावू नका. आपला कोड समजावून घ्या, प्रश्न विचारा, पण उत्तर आपल्या हाताने. नाहीतर परत तीच मान डोलवणं.

आणि पेपर हाताने लिहायचा असेल तर त्याची वेगळी तयारी लागते. वर्षानुवर्षं नुसती सही करणारा हात तीन तास चालत नाही, मला दुसऱ्या तासाला गोळा आला बोटांत. महिनाभर आधीपासून रोज एक प्रोग्रॅम पेनाने लिहा, घड्याळ लावून, मग तोच अक्षरशः जसाच्या तसा कम्प्युटरवर उतरवून चालवा आणि किती चुका निघाल्या ते वहीच्या समासात मांडा. माझ्या पहिल्या पानावर अकरा आहेत.