बॉर्डरवर असलेल्या आपल्या माणसाला खाऊ आणि पत्र कसं पाठवायचं

माझा धाकटा भाऊ फौजेत आहे. आम्ही कोपरखैरण्याला राहतो, मूळचे सातारा साईडचे, आप्पा वाशी मार्केटला माथाडी होते. एप्रिल २०२५ च्या शेवटी तो सुट्टीवर आला होता, चौथ्याच दिवशी युनिटचा फोन आला की सुट्टी कॅन्सल, आणि त्याच रात्री पिट्ठू पाठीला लावून कल्याणला गाडी पकडायला गेला. मग ७ मेला ऑपरेशन सिंदूर झालं आणि १० मेला संध्याकाळी गोळीबार थांबेपर्यंत आमच्या घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तेव्हापासून पार्सलं पाठवतोय, चुकत चुकत शिकलो, ज्यांचं माणूस पहिल्यांदाच फील्डला, म्हणजे बॉर्डरकडच्या ड्युटीला, गेलंय त्यांच्यासाठी लिहिते.

आधी पत्ता, कारण सगळं तिथेच अडतं. प्रायव्हेट कुरियरवाले एपीओच्या, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिसच्या, पत्त्यावर पोचवत नाहीत, पोस्टातच जायचं. पत्त्यावर गाव नसतं, जिल्हा नसतो. आर्मी नंबर, रँक, नाव, कंपनी, युनिट, मग ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, आणि ९ ने सुरू होणारा पिनकोड, बस. ५६ चं टपाल दिल्लीला जातं, ९९ चं कोलकात्याला, आणि तिथून पुढे फौजेचं पोस्ट खातं ज्याचं त्याला पोचवतं. आईने पहिल्या वेळी काळजीपोटी खाली 'जम्मू' लिहिलं होतं. असं अजिबात करू नका. युनिट कुठे आहे हे कळू नये म्हणूनच तर ही पद्धत आहे, भावाने जसा पत्ता दिला तसाच अक्षर न् अक्षर उतरवायचा. रजिस्टर पोस्ट १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच गेलं, त्यामुळे सरळ स्पीड पोस्ट किंवा पार्सल म्हणून सांगा. आमच्या पार्सलचं ट्रॅकिंग दिल्लीपर्यंत दिसतं आणि मग गप्प होतं, पहिल्यांदा मी रडकुंडीला आले होते, पण बारा-पंधरा दिवसांनी पोचलं. पावती मात्र जपून ठेवा.

आता खाऊ. पहिली गोष्ट, एकट्यापुरतं पाठवू नका. सेक्शनला, म्हणजे त्याच्या छोट्या तुकडीत, दहाएक जण असतात आणि डबा उघडला की सगळेच येतात, तो एकटा खाणार नाही आणि तुम्हालाही ते आवडणार नाही. पण वजनही बघा, रस्ता संपल्यावर पुढे त्यांच्या चौकीपर्यंत ते कुणाच्या तरी पाठीवरच जातं. आम्ही तीन-चार किलोच्या वर जात नाही, दोनदा पाठवू पण हलकं पाठवू.

शिजवायचं काही नको. उंचीवर पाणी लवकर उकळतं पण कमी गरम असताना उकळतं, लेहच्या उंचीला साधारण ८८ डिग्रीलाच, त्यामुळे डाळ-तांदूळ शिजता शिजत नाही. तोंडात टाकता येईल किंवा लंगरच्या, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातल्या, रोटीबरोबर खाता येईल असं हवं. शेंगदाण्याची चटणी, लसूण-खोबऱ्याची कोरडी चटणी, मेतकूट, बेसनाचे लाडू, भाजक्या पोह्यांचा चिवडा. ओल्या नारळाचं काही नाही, ते दिल्लीलाच खराब होईल. हापूस पाठवावासा वाटतो, मार्केटला पेट्या लागलेल्या बघून आप्पांचा जीव तुटतो, पण त्याऐवजी आंबापोळी आणि फणसपोळी पाठवा, ती वाटेत टिकते. चिवड्याच्या पिशवीतली हवा दाबून काढा. आम्ही दुकानातली फुगलेली पाकिटं तशीच पाठवली होती, वर हवेचा दाब कमी असल्याने ती आणखी फुगून फाटली आणि सगळा चिवडा पार्सलभर झाला.

खोबरेल तेल पण आम्ही पाठवलं होतं. ते २४ डिग्रीच्या खालीच गोठतं, तिकडे तर दगड. शेवटी त्याने सुरीने बाटली कापली. टाचा आणि ओठ तिकडे इतके फुटतात की रक्त येतं, बुटात चोवीस तास पाय, म्हणून आता आम्ही भिरंडेल पाठवतो, कोकमाच्या बियांचं तेल, काही ठिकाणी मुठेल म्हणतात. ते मुळातच घट्ट असतं, सांडत नाही, शेकोटीजवळ धरलं की विरघळतं आणि टाचेत भरता येतं. आमच्याकडे दर पार्सलात दोन वड्या ठरलेल्या.

पॉवर बँक, लायटर, गॅस असलेला स्प्रे वगैरे पोस्टात चालत नाही, घालूच नका. लाडू एकेक बटर पेपरात, मग बरणीत, आणि खोक्यातल्या रिकाम्या जागी चुरगाळलेले पेपर. वरून मांजरपाट शिवायचं, पत्ता कापडावर मार्करने आणि एक चिठ्ठी आत पण टाकायची. पेपरवरून सांगते, नवी मुंबईच्या पानाचे ते बोळे त्याने हाताने सरळ करून वाचले, पाम बीचच्या ट्रॅफिकची बातमी सुद्धा. आता मी मुद्दाम ताजे पेपर घालते, आणि चुरगाळत नाही, घड्या घालून ठेवते.

पत्र लिहा, खरंच लिहा. फील्डला कितीदा फोन जमा असतो, रेंज नसते, पहाटे आणि संध्याकाळी स्टँड टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यार घेऊन सज्ज राहायचं, मधे पहाऱ्याची ड्युटी, बाकी नुसती वाट बघणं. अंतर्देशीय अडीच रुपयांत जातं. वर तारीख आणि नंबर टाका, कारण सातवं पत्र पाचव्याच्या आधी पोचतं. फार मोठं काही लिहायचं नसतं, खाडीत फ्लेमिंगो आले, शेजारच्या काकूंची मुलगी पास झाली, गॅलरीतल्या कढीपत्त्याला पालवी फुटली, एवढंच. 'कधी येणार' हे आम्ही लिहीत नाही, त्याच्या हातात नसतं आणि वाचून त्याला लागतं.

फोन आला तर तो दोन मिनिटांचा असतो, त्यामुळे कोण काय बोलणार ते आधीच ठरवून ठेवा. कुठे आहेस, किती जण आहात, काय चाललंय, हे विचारायचं नाही. वाईट बातमी एकानेच सांगायची, आमच्यात ती मी सांगते. आप्पांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा आम्ही लपवलं, आणि त्याला ते चुलतभावाच्या स्टेटसवरून कळलं. 'ताई, तू पण?' एवढंच म्हणाला. तेव्हापासून मी त्याच्याशी खोटं बोलले नाही. आणि त्याचा वर्दीतला फोटो स्टेटसला ठेवू नका, 'युनिटमधून बोलतोय' म्हणत कोणी पोस्टिंग विचारलं तर फोन ठेवून द्या. त्याचा आर्मी नंबर आणि युनिटचा वेलफेअरचा फोन नंबर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. कागदपत्रांचं काही अडलं तर ठाण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे जा.

राखी निदान तीन आठवडे आधी टाका. साधा रेशमी धागा घ्या, मोठी खड्यांची नको, शर्टाच्या बाहीखाली रुतते. मी पाकिटात सहा-सात जास्तीच्या घालते, ज्यांची पोचली नसेल त्यांना तो बांधतो.