रोटॅक्स 912 यूएलएस इंजिन पूर्ण थ्रॉटललाही मिनिटाला 4750 फेऱ्यांच्या वर जात नव्हतं: माझा अनुभव

मी ओहायोत घरीच बांधलेल्या दोन आसनी विमानाला तीन पात्यांचा, जमिनीवर पिच (पात्यांचा तिरका कोन) बदलता येणारा प्रोपेलर आहे. पूर्ण थ्रॉटलला जमिनीवर इंजिनाचा आरपीएम (मिनिटाला फेरे) 4750, सरळ उड्डाणात जेमतेम 5150. उड्डाणाआधीची धाव लांब, चढण मंद, तेल तापलेलं.

दोन्ही कार्ब्युरेटर सिंक केले (एकसारखे जुळवले), प्लग आणि इंधन फिल्टर बदलले. फरक शून्य. दोन महिन्यांत जीव मेटाकुटीला आला. शेवटी ऑप्टिकल टॅकोमीटरने (प्रकाशाने फेरे मोजणाऱ्या उपकरणाने) प्रोपेलरच मोजला: 1955 आरपीएम. गिअरबॉक्सचं प्रमाण 2.43 (इंजिनाचे 2.43 फेरे, प्रोपेलरचा एक), म्हणजे इंजिन खरोखर 4750 वरच. विमानातला आरपीएम मीटर बरोबर होता; पिच जास्त असल्याने इंजिनावर भार येत होता.

मग या क्रमाने केलं. दोन्ही इग्निशन बंद, प्लगच्या वायरी काढल्या, चाकांना ठोकळे. तिन्ही पात्यांवर हबपासून (पाती बसतात त्या मधल्या भागापासून) तीन चतुर्थांश त्रिज्येवर पेन्सिलची खूण. एक पातं आडवं आणून डिजिटल अँगल गेज हबवर शून्य केलं आणि खुणेवर टेकवलं. बोल्ट सैल करून पिच 2 अंश कमी. पुढचं पातं फिरवून नेमकं त्याच जागी आणून मोजलं. तिन्हींतला फरक 0.1 अंशाच्या आत हवा. इथे घाई केलीत तर थरथर येते. बोल्ट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला), टप्प्याटप्प्याने आवळले आणि कोन पुन्हा मोजला, कारण आवळताना पातं किंचित सरकतं. वायरी परत लावल्या, शेपूट बांधून इंजिन चालवलं: 5200.

सरळ उड्डाणात आता 5600 मिळतात. 5800 फक्त पाच मिनिटं, सतत 5500 ही इंजिनाची मर्यादा, म्हणून क्रूझला (लांबच्या सरळ उड्डाणात) थ्रॉटल मागे घेतो. पहिल्या उड्डाणानंतर बोल्टचा टॉर्क पुन्हा तपासला.