देव गेला त्या वाटेने : नार्व्याच्या पायवाटेची तयारी

आधी दिशा ठरवा, मग पिशवी भरा. गोव्यातल्या नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला, म्हणजे तिथल्या शंकराच्या देवळाला, बहुतेक लोक डिचोलीहून गाडीने येतात, पाया पडतात आणि तासाभरात परततात. माझा आग्रह आहे की एकदा तरी जुन्या गोव्याहून दिवाडी बेटावर उतरून, बेट पायी ओलांडून, पलीकडच्या फेरीने नार्व्याला जावे. देवही बेटावरून नदी ओलांडूनच गेला. गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंबांचे हे कुलदैवत. आपल्या बिरुदात त्यांनी ‘श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’, म्हणजे सप्तकोटीश्वराच्या कृपेचा वर लाभलेले, असे अभिमानाने मिरवले. बहामनींनी त्याचे बेटावरचे देऊळ पाडले तेव्हा विजयनगरच्या माधवमंत्र्याने ते पुन्हा उभारले. १५४०च्या सुमारास पोर्तुगिजांनी ते जमीनदोस्त केले तेव्हा भक्तांनी लिंग नदीपलीकडे नेले. देवाबरोबर गावाचे नावही पलीकडे गेले. म्हणून आज नदीच्या दोन्ही काठांवर नार्वे आहे.

महिना मी कार्तिकच सांगेन. पावसाने पाठ फिरवलेली असते, ऊन अजून कडक झालेले नसते आणि बांधावरचा चिखल पाय धरून ठेवत नाही. श्रावणात गोकुळाष्टमीला नार्व्याजवळच्या पंचगंगेत स्नानाला लोटणारी गर्दी एकदा जरूर पाहावी. पण तो स्नानाचा दिवस, चालायचा नव्हे. त्या दिवशी जाणार असाल तर कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घ्या, पोरांचा हात सोडू नका आणि घाटाच्या पायऱ्यांवरचे शेवाळ बघूनच पाय टाका.

सकाळी लवकर निघायचे. जुन्या गोव्यातल्या व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली गेले की धक्का लागतो. फेरी पाच-दहा मिनिटांची असली तरी एक चुकली तर थांबावे लागते, आणि उन्हात गेलेला अर्धा तास पुढे पायांना जाणवतो. बेटावर रमतगमत चालायला दोन-अडीच तास धरा. देवळात दुपारच्या आत पोहोचायचे आहे, हे धरूनच मागचा हिशेब मांडा.

पायात काय घालता यावर निम्मा दिवस ठरतो. वाट सपाट आहे, चढ काय तो बेटावरच्या पिएदाद गावच्या टेकडीचा. मागे पट्टा असलेली, चट्कन निघणारी, भिजली तरी चालेल अशी सॅंडल घ्या. एका वर्षी आईला मी नवे नाडीचे बूट घालायला लावले होते. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधावर तांबडी माती नाडीच्या भोकांत गेली, सुकून घट्ट झाली, आणि देवळापाशी तिला वाकून गाठी सोडवत बसावे लागले. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेव्हा किती त्रास झाला ते मी विसरलेलो नाही. वडीलधारे सोबत असतील तर त्यांची पादत्राणे तुम्ही स्वतः तपासा.

कपडे सैल, सुती, खांदे आणि गुडघे झाकणारे. देवळासाठी तर हवेतच, वाटेतल्या चर्चसाठीही हवेत. पिएदादच्या चर्चजवळ दफनभूमीतल्या लहान चॅपेलमध्ये कदंबकालीन कोरीव कामाचे अवशेष टिकून आहेत. तिथे जायचे तर आधी विचारा, आवाज खाली ठेवा. कोणाची तरी माणसे तिथे निजलेली आहेत. छत्री उन्हालाही लागते, कारण खाजनात सावलीला झाड नाही.

पाणी माणशी दीड लिटर. एका बाटलीत कोकमाचे सरबत, चिमूटभर मीठ घालून. खायला पोळी-भाजी किंवा सकाळी पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेले उंडे (गोल पाव) आणि दोन तवशी (काकड्या) पुरेत. साली आणि कागद परत आणायला एक रिकामी पिशवी हवीच. बांधावर बसून खाताना मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, बसा, पण तिच्या फळ्यांना हात लावू नका. भरतीचे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून त्या फळ्या असतात; एक जरी सरकली तरी कोणाचे तरी भात जाते.

फोन भरून घ्या, तरी बारीक टॉर्च वेगळा ठेवा. देवळाच्या परिसरात दगडात कोरलेले भाग आहेत. चिऱ्यांच्या फटीत फुरसे असू शकते, म्हणून पाहिल्याशिवाय हात घालू नये. सुटे पैसे आणि अंग पुसायला पंचा या दोन वस्तू हमखास विसरतात.

एक वही मात्र घ्याच, आणि तिच्यात आदल्या रात्री एवढे लिहून ठेवा : शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार. देवळावरच्या शिलालेखात हीच तिथी आहे. शिवरायांच्या आज्ञेने १६६८च्या नोव्हेंबरात इथे देवालयाच्या कामाला प्रारंभ झाला. दगडावरची अक्षरे पटकन लागत नाहीत. तिथी आधी ठाऊक असली की आधी ‘शके’ सापडते, मग आकडे, मग ‘श्रीशिवराज्ञा’. पोराला बोटाने हवेत एकेक अक्षर गिरवू द्या, दगडाला स्पर्श न करता. मग मागे सरून दीपस्तंभ, उतरती कौले आणि त्यांवरचा घुमट एका नजरेत पाहा. मोठी शिखरे पाहायची सवय असलेल्यांना हे देऊळ ठेंगणे वाटेल; मला त्याचे ते ठेंगणेपणच आवडते.

परतीला डिचोलीकडची बस मिळते, पण सारखी नसते. तीच वाट धरणार असाल तर नार्व्याच्या धक्क्यावर उतरतानाच शेवटची फेरी किती वाजता सुटते ते बोटीवरच्या माणसाला विचारून वहीत टिपून ठेवा.