घरात कुणाचे हृदय अचानक बंद पडल्यास रुग्णवाहिका येईपर्यंत काय करावे

रुग्णालयाबाहेर हृदयक्रिया बंद पडण्याच्या बहुतेक घटना राहत्या घरी घडतात. अशा वेळी जीव वाचण्याचे प्रमाण देशोदेशी फार वेगळे आढळते, आणि जवळच्या माणसाने छाती दाबायला सुरुवात केली की नाही, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. डेन्मार्कमध्ये २००१ ते २०१० या काळात अशी मदत मिळालेल्यांचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेले आणि महिन्याभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून जवळपास अकरा टक्क्यांवर पोहोचले. इतर सुधारणांचाही त्यात वाटा होता. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींत राहणाऱ्यांनी हे विशेष मनावर घ्यावे, कारण रुग्णवाहिका गेटवर आली तरी विसाव्या मजल्यावर पोहोचायला आणखी वेळ लागतो आणि मदतीविना गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

प्रथम खांदे हलवून मोठ्याने हाक मारावी. प्रतिसाद नसेल आणि श्वास नेहमीसारखा चालत नसेल, तर हृदय बंद पडले असे धरून चालावे. सर्वाधिक फसगत येथेच होते. सुरुवातीची काही मिनिटे माणूस घोरल्यासारखा आवाज करत अधूनमधून आचके देतो, त्यामुळे ‘श्वास चालू आहे’ असे समजून घरचे लोक पाणी पाजण्यात किंवा कांदा हुंगवण्यात मोलाचा वेळ घालवतात.

लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा. एकटे असल्यास फोन स्पीकरवर ठेवून काम सुरू करावे. पत्त्यात विंग आणि गेट आवर्जून सांगावे. दुसरे कुणी असेल, तर त्याने वॉचमनला गेट उघडून लिफ्ट तळमजल्यावर धरून ठेवायला सांगावे.

रुग्णाला पलंगावरून उतरवून फरशीवर उताणे निजवावे, कारण मऊ गादीवर दिलेला दाब गादीतच जिरतो. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग टेकवून त्यावर दुसरा हात ठेवावा आणि कोपर ताठ ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. बरगडी मोडण्याच्या भीतीने हात आखडू नये. मोडलेली बरगडी जुळते. हात थकले की दाब उथळ होतो, म्हणून दर दोन मिनिटांनी पाळी बदलावी. प्रशिक्षण नसेल, तर मोठ्या माणसाला नुसती छाती दाबत राहिली तरी चालते; बुडालेल्यांना आणि लहान मुलांना मात्र तोंडाने श्वासही द्यावा लागतो.

इमारतीत एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका (शॉक) देणारे यंत्र, असल्यास ते आणवून चालू करावे. पुढच्या सूचना ते स्वतःच बोलून देते. शॉक देताना रुग्णाला कुणीही स्पर्श करू नये आणि शॉकनंतर लगेच पुन्हा छाती दाबू लागावे. रुग्ण हालचाल करून नीट श्वास घेऊ लागेपर्यंत किंवा रुग्णवाहिकेतील डॉक्टर ताबा घेईपर्यंत थांबू नये.