पुळण विंचरून काढू नका : किनारा सांभाळताना होणाऱ्या चुका

ट्रॅक्टरला दाताळं लावायचं आणि पर्यटक यायच्या आत सगळी वाळू विंचरून टाकायची, की किनारा स्वच्छ झाला! ही चूक फार मनापासून केली जाते, म्हणून आधी तिच्याबद्दलच. भरतीने आणून टाकलेल्या शेवाळाच्या काळपट पट्ट्याजवळ एकदा उकिडवं बसा आणि एक झुबका उचलून पाहा. खालची वाळू ओलसर असते आणि तिच्यातून तांदळाएवढे जीव टणाटण उड्या मारत पळतात. किनाऱ्यावरचे पक्षी त्यांच्यावर पोट भरतात. वाऱ्याने उडणारी वाळूही याच पट्ट्याला अडते, तिथेच बी रुजतं आणि वाळूचा उंचवटा धरू लागतो. दाताळ्याला प्लास्टिक कुठलं आणि शेवाळ कुठलं, ते कळत नाही. त्यामुळे प्लास्टिक, काचा, जाळ्यांचे तुकडे हातानेच वेचा. शेवाळाचा ढीग सडून वास मारत असेल, तर पोहण्याच्या भागापुरता उचला. गाडी ओल्या वाळूवरूनच न्या, कारण कासवं अंडी घालतात ती भरतीरेषेच्या वर.

वाळूच्या टेकड्या म्हणजे पार्किंगची रिकामी जागा, हा समज तितकाच महागात पडतो. उधाणात लाटा वाळू ओढून नेतात ती याच साठ्यातली, आणि समुद्र शांत झाला की बरीचशी हळूहळू परत आणून टाकतात. रोजच्या पायांखाली वाळूवर पसरणारी मर्यादवेल मेली, की तिने धरलेली वाळू सुटते, वारा तिथून उपसा सुरू करतो आणि पुढच्या उधाणाला आत शिरायला खिंड तयार मिळते. ‘इथून जाऊ नये’ एवढी पाटी लावून माणसं थांबत नाहीत. ती जिथून जातात, तिथेच जमिनीपासून उचललेली फळ्यांची वाट करा, आणि ती वाऱ्याच्या दिशेला तिरकी ठेवा.

धूप दिसली की भिंत बांधायची घाई होते. भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू घेऊन जाते, भिंतीच्या टोकापलीकडे धूप वाढते. मागची इमारत वाचते, पण समोरची पुळण जाते. जागा असेल तिथे बांधकामच मागे घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

बुडण्याच्या घटनांमागे बऱ्याचदा एक साधा गैरसमज असतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत, जरा गडद दिसतो. मुलांना घेऊन लोक नेमके तिथेच उतरतात. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच समुद्राकडे परतत असतं. वादळानंतर ही ओढ जागा बदलते, म्हणून कायमच्या फलकावर विसंबू नका. पोहण्याची हद्द दाखवणारे लाल-पिवळे झेंडे जीवरक्षकांनी रोज पाणी पाहून योग्य जागी रोवावेत. ओढीत सापडलेल्याने तिच्याविरुद्ध पोहून दमू नये. तरंगत राहावं, हात वर करून मदत मागावी, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडावं.

पाणी तपासलंय, म्हणून आज पोहायला हरकत नाही, असंही धरू नका. जंतूंची नेहमीची चाचणी साधारण 24 तास घेते, म्हणजे हातात येतो तो कालच्या पाण्याचा अहवाल. जोराचा पाऊस पडून नाले समुद्रात उतरले असतील, तर अहवालाची वाट न पाहता पोहणं थांबवा.

आणि कासवांच्या हंगामात किनाऱ्याकडे तोंड केलेले पांढरे दिवे बंद ठेवा. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात आणि समुद्राऐवजी रस्त्यावर पोहोचतात. दिवा लागणारच असेल, तर तो खाली, झाकलेला आणि अंबर म्हणजे पिवळसर-नारिंगी रंगाचा हवा.