कांडी तरी संपू दे की

पॉइंट अँड क्लिक, म्हणजे चित्रातल्या वस्तूंवर क्लिक करत कोडी सोडवायचा खेळ करायचा ठरला त्या रात्री मी ठिकाणांची यादीच केली : बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, कित्तूर, नंदगड, हलशीचं देऊळ, गोकाकचा धबधबा. सगळं घालणार! चार महिन्यांचे रविवार घालवल्यावर हातात आल्या दोन खोल्या आणि एक रस्ता. नवीन असाल तर तेवढंच धरा.

गोष्ट डिसेंबर १९२४ ची. गांधीजी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते, ते बेळगावात भरलं. त्यासाठी खणलेली विहीर टिळकवाडीत अजून आहे. शहापुरातल्या विणकराच्या पोरानं घरचं कापड अधिवेशनापर्यंत पोचवायचं, बस्स. गंमत म्हणजे तेव्हा शहापूर सांगली संस्थानात आणि बेळगाव इंग्रजांकडे. आज चालत गेलं तर कळतही नाही अशी ती हद्द! सीमेचा विषय आमच्याकडं जेवताना पानावरही निघतो. खेळात तो ओढून आणावा लागला नाही. वाटेतला नाका मात्र माझ्या मनचा. तसं शेवटी लिहूनही टाकलंय. तुम्हीही लिहा, नाहीतर लोक तोच इतिहास धरून बसतात.

आपटलो ते कोड्यांत. पहिलंच कोडं : मागावरचा धोटा (आडवं सूत इकडून तिकडं नेणारा) उचलून पिशवीत टाक. वडगावातल्या शेजारच्या आज्जींना खेळायला बसवलं. तरुणपणी त्यांनी ढिगानं कांड्या भरलेल्या. त्या माऊसला हातच लावेनात. "चालू मागावरचा धोटा कोण काढतंय रे? कांडी तरी संपू दे की."

मी वही काढली. धोट्यात कांडी, कांडीवर बाण्याचं, म्हणजे आडवं सूत. सूत संपलं की विणकर थांबतो आणि भरलेली कांडी घालतो. म्हणजे पोरानं आधी रहाटावर कांडी भरायची, माग थांबायची वाट बघायची, आणि थांबल्यावरच मागावर बसलेले त्याचे आजोबा त्याच्याशी बोलणार. कोडं आयतंच मिळालं. दुसऱ्या खेळांत बघून घातलेली कुलूपकिल्लीची दोन कोडी त्याच रात्री पुसली.

कागदावर शेवटचं दृश्य आधी लिहा आणि 'याच्या आधी काय हवं?' असं विचारत मागं या. एका वेळी दोन कोडी उघडी ठेवा. एकात अडकलेला माणूस दुसऱ्यात रमतो.

खेळ बनवायचं टूल निवडायच्या आधी त्यात फक्त 'किल्ला' लिहून बघा. माझ्या पहिल्या टूलमध्ये वेलांटी 'क'च्या उजवीकडं जाऊन बसली आणि 'ल्ल'चे दोन तुकडे झाले. तीन आठवडे पाण्यात. २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ या टूलमध्ये जोडाक्षरं नीट जुळतात, कन्नडही. संवाद कोडमध्ये लिहू नका, सीएसव्ही फाइलीत, म्हणजे तक्त्यासारख्या साध्या फाइलीत ठेवा. नाक्यावरचा शिपाई कन्नड बोलतो, त्याची वाक्यं मित्रानं थेट तिथंच सुधारली.

घाईनं धोट्यावर क्लिक केलं की आता आज्जींचं तेच वाक्य ऐकू येतं, त्यांच्याच आवाजात. मोबाइलवर घेतलंय. मागं कुकरची शिट्टी आलीय, १९२४ सालात. ती काढायची राहिलीय.