सातव्या वर्षी दात दाखवा, तारेची घाई नको

"सगळे दुधाचे दात पडू देत, मग बघू," हे वाक्य सोलापुरात घरोघरी ऐकू येतं. पण तोवर बारावं वर्ष उजाडतं, आणि जबड्याच्या काही तक्रारी त्याआधीच सोप्यात सुटणाऱ्या असतात. अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे वाकडे दात आणि जबडे नीट बसवणाऱ्या दंतवैद्यांची, संघटना पहिली तपासणी ७ व्या वर्षापर्यंत करायला सांगते.

सातच का? त्या सुमाराला दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ येते. कित्येक आईबाप तिला दुधाचीच समजतात; कीड दिसली तरी "पडणारच आहे" म्हणून सोडतात. ती पुन्हा येत नाही! दोन्ही जबडे एकमेकांवर कसे बसणार, हे तिच्यावरूनच कळू लागतं.

आधी घरी बघा. खिडकीच्या उजेडात मुलाला दाढा दाबून धरायला सांगा आणि गाल बोटाने बाजूला करा. डब्याचं झाकण बाहेरून बसतं, तसे वरचे दात खालच्यांच्या बाहेर हवेत. वरचा एखादा आत जात असेल तर लगेच दाखवा.

मग जेवताना लक्ष ठेवा. कडक भाकरीचा तुकडा मूल समोरच्या दातांनी मोडतं, की थेट दाढांकडे नेतं? समोरचे दात एकमेकांना टेकतच नसतील तर त्यामागे बऱ्याचदा अंगठा चोखण्याची सवय असते. झोपेत तोंड उघडं राहत असेल तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनाही दाखवा.

किडीमुळे दुधाची दाढ लवकर काढावी लागली तर सातची वाट बघू नका. शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि खालून येणाऱ्या दाताला वाट उरत नाही. ती जागा राखणारी छोटी पट्टी बसवता येते.

डॉक्टर निवडताना बी.डी.एस.नंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एम.डी.एस. केलंय का, हे खुशाल विचारा. जुने एक्स-रे सोबत न्या. तिथे एकच प्रश्न महत्त्वाचा: आत्ता काही करायचंय, की नुसती नजर ठेवायची? बहुतेकदा "सहा महिन्यांनी या" एवढंच उत्तर मिळतं. फी वाया गेली असं तेव्हा मानू नका. उलट, जरासे वाकडे दात बघून सातव्या वर्षीच पूर्ण तार सुचवली, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

आणि वरच्या दोन दातांमधल्या फटीवरून आजी काळजीत असतील तर त्यांना सांगा, ११-१२ व्या वर्षी वरचे सुळे उतरले की ती बहुधा आपोआप मिटते.